टेकचंद, तुझी सही राहिली

टेकचंद, तू सही न करता गेला.

तेरवीला लोक तुझ्याबद्दल काय काय बोलत होते ते मी ऐकलं. देशसेवा केली, पोरं घडवली, मैदानावरच देह ठेवला, नशीबवान माणूस. मी पत्रावळीवरचा भात चिवडत बसली होती आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की या माणसानं सही केली नाही. तुला मेल्या म्हणायची सवय होती मला. तीस वर्षं, प्रत्येक भांडणात. आता तो शब्द तोंडाशी येतो आणि तिथंच अडकतो.

मुख्याध्यापक म्हणाले, वनमालाबाई, तुमचे वर्गमित्र होते, शोकसभेसाठी चार शब्द लिहून द्या. दिले लिहून. अर्ध्या पानात तुझा जन्म, तुझी फौजेतली बावीस वर्षं, हवालदार म्हणून निवृत्ती, गावाजवळच्या मैदानावर भरतीसाठी पळवलेली पोरं-पोरी, सगळं बसलं. कुठं काही सांडलं नाही. हे मात्र त्यांच्यासाठी नाही. हे तुझ्यासाठी आहे, आणि यात मी तुझी तारीफ करणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आपण भांडायला कधी लागलो ते तुला आठवतं का? मला नेमकं आठवतं. एकवीस वर्षांचे होतो. शाळेत लिपिकाची जागा निघणार असं कळलं, म्हणून दोघंही गोंदियाला टायपिंग शिकायला जायचो, एकाच बसनं. तुझी बोटं माझ्यापेक्षा जोरात चालायची. मी आपली एकेक अक्षर शोधत बसायची आणि तू बाजूच्या मशीनवरून म्हणायचा, "वनमाला, धान निवडून राहिली का वो?" मग जाहिरात आली. जागा राखीव होती. आमच्यासाठी. तुझ्या तोंडावरचा रंग मी पाहिला त्या दिवशी. तरी तू आला, आमच्या घरी येऊन बसला, माझ्या आईच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, "तू बाबू झाली. मले चपराशी तरी ठेव." त्याच हिवाळ्यात तू भरतीला पळाला आणि लागला. तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत तुझं एकच पालुपद. "हिनं माही खुर्ची घेतली, म्हणून मले बंदूक भेटली." लोक हसायचे. मीही हसायची. तुझं ते हसणं पूर्ण हसणं नव्हतं, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं.

त्या खुर्चीवर मी कशी बसली तेही तुलाच माहीत. पहिली दोन वर्षं माझं प्रत्येक पान एक गुरुजी पुन्हा तपासायचे. दुसऱ्या कोणाचं नाही तपासायचे, फक्त माझं. मी काही बोलली नाही, भांडली नाही. मी फक्त चुकली नाही. एकदाही नाही. दाखल-खारीज रजिस्टरवर तीस वर्षांत माझ्या हातची एक खाडाखोड दाखवावी कोणी. नावाची वेलांटी मी तीनदा विचारून लिहायची. लोकांना वाटायचं बाई फार खडूस आहे. खडूस नाही रे, भ्यालेली होती. एक चूक झाली की ते वाक्य येणार, तीस वर्षं दाराच्या मागं उभं असलेलं वाक्य. कोट्यातली आहे ना, तरीच. हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. तुला सांगितलं होतं. तू सुट्टीवर आला होता आणि शाळेच्या ओट्यावर बसून शेंगा खात होता. तू म्हणाला, "तरीच म्हणणाऱ्याचं तोंड मी फोडीन, तू फक्त नाव सांग."

म्हणून सांगते, टेकचंद, हे तुला माहीत होतं. हे माहीत असून तू जे केलं, त्याचं मी काय करू?

पण ते पुढं. आधी तुझी ती सक्तीची फौज.

तू रिटायर होऊन आला आणि तुझ्या डोक्यात ते भूत शिरलं. प्रत्येक पोरानं दोन वर्षं फौजेत काढलीच पाहिजेत. कायदाच पाहिजे. तांदळाच्या मिलवाल्याच्या पोरानं, साहेबाच्या पोरानं, तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या. पोरीनंही. "एकाच बादलीनं आंघोळ, एकाच लंगरचं जेवण, एकाच तंबूत झोप. दोन वर्षांत जात कुठं जाते ते पाह. मंग तुमचं आरक्षण लागन कायले?" हे तू कुठंही बोलायचा. किराणा दुकानात, बसमध्ये, माझ्या खिडकीशी उभा राहून. वरून शिकाऊ विमान घरघरत जायचं, बिरसीच्या विमानतळाहून उडणारं, तेव्हा आवाज चढवायचा, पण थांबायचा नाही.

आणि मी कुठं गप्प बसणार. मी म्हणायची, "सक्ती केली का मिलवाल्याचं पोरगं डॉक्टरचा कागद आणते, पाय चपटा आहे म्हणून. जाते कोण? आमचंच जाते." तू म्हणायचा, कागद चालणार नाही असा कायदा करू. मी म्हणायची, कायदा करणारा कोण, त्याचाच भाऊ ना? एकदा मात्र मी चिडून तुला माझ्या आज्याचं सांगितलं. साहेब गावात आला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावर न्यायचं, मजुरी नाही, विचारणं नाही, घरात ताप असला तरी जायचं. वेठ. "सक्तीनं रांगेत उभं राहणं आम्हाले नवीन नाही, टेकचंद. ते तुमच्या लोकाले नवीन असन, म्हणून तुले त्याचं कौतुक." तू हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुह्या आज्यानं दुसऱ्याचं ओझं वाहलं. मी म्हणतो, सगळ्यायनं आपापलं वाहावं."   मी म्हटलं, जा, चहा थंडा होऊन राहिला.

शाळेची सहल नवेगाव बांधच्या तलावावर गेली होती, ते वर्ष आठव. पोरं पाण्यात उतरू नयेत म्हणून मुख्याध्यापकांनी तुला सोबत घेतलं होतं. तू काठावर शिट्टी घेऊन उभा, पोरं तुला भिऊन दहा हात लांब. दुपारी डबा उघडला तेव्हा तू मला तुझ्या युनिटमधल्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. दक्षिणेकडचा होता. अकरा वर्षं तुम्ही एका ताटात जेवले. बर्फात एकाच्या बुटात दुसऱ्यानं पाय घातले. आणि तुझ्या निरोपाच्या आदल्या दिवशी त्यानं तुला सांगितलं की तो कोणत्या जातीचा आहे. अकरा वर्षं लपवून ठेवलं होतं त्यानं. भ्यायचा, म्हणाला. तू सांगता सांगता रडला, टेकचंद. हातात पोळीचा घास, मिशीवर पाणी. "मले काऊन नाही सांगितलं त्यानं? मी त्याले काय केलं असतं?"

मी म्हटलं, बघ, तुझ्या फौजेतही जात जात नाही, फक्त लपते. तू म्हणाला नाही, ओरडलाच, की म्हणूनच तर सगळ्यांनी गेलं पाहिजे, लपवायची गरजच पडू नये इतक्या सगळ्यांनी. एकाच गोष्टीतून आपण दोन टोकं काढली आणि परत येताना बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसलो. घरापाशी उतरताना तू माझा डबा हातात दिला आणि म्हणाला, "भाजी चांगली होती." असा होता तू.

त्यानंतर चार महिन्यांनी तू रोशनीला घेऊन शाळेत आला.

पाचवीत नाव घालायचं होतं. आधीचा दाखला छावणीतल्या शाळेचा, त्यात जातीचा रकाना कोराच होता. म्हणून मी तुझा स्वतःचा जुना दाखला मागितला. तू दिला. त्यावर तुझी जात स्वच्छ लिहिलेली होती. मी पेन उघडलं आणि तू रजिस्टरवर पंजा ठेवला.

"लिही. भारतीय."

मला वाटलं मस्करी करतो. मी म्हटलं, "टेकचंद, हा रकाना खेळाचा नाही होय."

"मी का खेळून राहिलो? बावीस वर्षं मी त्या एका शब्दासाठी उभा होतो. माह्या पोरीच्या नावापुढं तोच पाहिजे."

"उद्या पोरगी मोठी झाली का अडन. तुमच्या लोकालेही आरक्षण आहे. कागद लागन."

"अडन तं अडन. मी बसलो आहो ना."

मी बसलो आहो ना. हे तुझे शब्द, टेकचंद. कुठं बसला तू?

आता माझं ऐक, कारण हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला नियम माहीत होता. समोर कागद असताना मी दुसरं काही लिहायला नको होतं. तुला हाकलून द्यायला पाहिजे होतं, किंवा हो हो म्हणून मागून बरोबर लिहायला पाहिजे होतं. मी लिहिलं, कारण त्या क्षणी मला तुझा हेवा वाटला. आम्ही तो शब्द लिहिला असता तर लोक म्हणाले असते, जात लपवून राहिले. तू लिहिला तर त्याग. तुला तो परवडत होता. आणि त्या हेव्यातच कुठंतरी कौतुकही होतं, कारण आपल्या गावात असं मागायला येणारा तू एकटाच. आणि थोडा डूख होता. घे, लिहिते, भोग. ही तिन्ही एकाच वेळी मनात होती आणि माझ्या हातानं, माझ्या वळणदार अक्षरात, तो शब्द लिहिला. रोशनी तेव्हा बाहेर फळ्यावरचा सुविचार वाचत होती. तिला यातलं काही कळलं नाही. जाताना तू म्हणाला, "घरी सांगू नको वो. बायको खाऊन टाकन." हवालदार साहेब.

आठ वर्षं झाली त्याला. या आठ वर्षांत तू माझ्यासाठी काय काय केलं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी हलकट ठरेन. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू अकरा दिवस नागपूरला दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून झोपला. पंचेचाळिशीत मला स्कूटी शिकवली, तुझ्या त्या मैदानावर, भरतीच्या सगळ्या पोरांसमोर. मागून कॅरिअर धरून पळायचा आणि कवायतीसारखा ओरडायचा, "सामने देख! सामने देख!" मी पडली तेव्हा पोरं फिस्सकन हसली, तर तू सगळ्यांना मैदानाच्या पाच चकरा मारायला लावल्या. दहाव्या दिवशी मी एकटीनं पूर्ण चक्कर मारली आणि तू त्या पोरांकडून मला सॅल्यूट मारून घेतला. असा माणूस मला परत कुठं भेटणार आहे? कुठं जाऊ शोधायला?

आणि मग हे वर्ष. रोशनीला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली, तुमच्या प्रवर्गातून. शिकून फौजेच्या दवाखान्यात जाईन म्हणते. तिच्यावर कोणी सक्ती केली नाही, टेकचंद, ती आपल्या मनानं जाऊन राहिली. पण जागा टिकवायला जात पडताळणीचा कागद पाहिजे, आणि समितीनं त्रुटी काढली. शाळेच्या नोंदीत जात नाही. भारतीय ही जात नाही. नोंद सुधारून आणा, अमुक तारखेच्या आत, नाहीतर जागा गेली. मी तुला निरोप पाठवला आणि रात्रंदिवस डोकं लढवून शपथपत्राचा मसुदा लिहिला. खरं तेच लिहिलं. मी, मुलीचे वडील, माझ्या स्वतःच्या आग्रहावरून लिपिकास सदर शब्द लिहावयास लावला, नोंद दुरुस्त व्हावी. खाली तुझी सही. एवढंच काम होतं.

तू आला. शाळा सुटली होती, शिपाई खोल्यांना कुलपं लावत होता. तू कागद वाचला. परत वाचला. मग तुझ्या पिशवीतून तू तुझा कागद काढला. सक्तीच्या सेवेसाठी सरकारला पाठवायचं निवेदन, मागं तीन पानं सह्या.

"तू यावर सही कर. मी तुह्या कागदावर करतो."

मला वाटलं, झालं याचं सुरू. पोरीची जागा जाऊन राहिली आणि याला आपलं टुमणं सुचतं. मी म्हटलं, मरेपर्यंत करणार नाही त्यावर सही. तू म्हणाला, मंग राहू दे. मी म्हटलं, टेकचंद, ही रोशनीची गोष्ट आहे, तुझी-माझी नाही. तू खिडकीबाहेर पाहत राहिला. "दुसऱ्या तऱ्हेनं नाही लिहिता येत का हे?" असं काहीतरी पुटपुटला. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मी भडकली होती. आणि मी ते बोलली.

मी म्हटलं, "खरं सांग ना, तुले सही काऊन नाही करायची. तुही पोरगी आमच्यासंग राखीव रांगेत उभी राहिली तं बाटन, असं वाटते तुले."

तू माझ्याकडं पाहिलं. आईच्या हातचा चहा पिणारा तू, दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपणारा तू. म्हणाला, "तू बोलली हे? तू?" आणि गेला. दोन्ही कागद टेबलावर तसेच. चार दिवसांनी सकाळी पोरांना पळवता पळवता मैदानावर पडला. मला फोन आला तेव्हा मी चौकशीसुद्धा केली नाही, की कसा, कुठं. मी म्हटलं, नाही, त्यानं अजून सही नाही केली. फोन करणाऱ्याला काही कळलं नाही.

तुझी सही मला येते. तीस वर्षं पाहिली. ट च्या डोक्यावर तू जी उगाच लांब रेघ ओढायचा, ती मी एका रद्दी कागदावर ओढून पाहिली. जमली. मग तो कागद फाडून तुकडे चुलीत टाकले. मेलेल्या माणसाची खोटी सही करण्याइतकी मी खाली आली होती, हे तुला कळावं म्हणून सांगून राहिली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी रोशनी शाळेत आली. हातात समितीचं पत्र. डोळे सुजलेले, पण वेणी नीट घातलेली. माझ्यासमोर बसली. मी मनाशी ठरवलं होतं की तिला सगळं खरं सांगायचं. तोंड उघडलं, तर तीच बोलली.

"आत्या, एक बोलू का? राग नका मानू. दहावीत दाखला हाती आला तेव्हाच मी बाबाले विचारलं होतं, जातीत हे का लिहिलं म्हणून. बाबा म्हणाले, वनमालाच्या हातून चुकून झालं. म्हणाले, तिले काही बोलू नको, तिले फार वाईट वाटन. मी सुधरवून घेतो. म्हणून मी तुम्हाले कधीच काही बोलली नाही."

टेकचंद.

  मग एकेक गोष्ट समजत गेली. तू सही का केली नाही ते समजलं. माझ्या मसुद्यात लिहिलं होतं, माझ्या आग्रहावरून. ते पोरीनं वाचलं असतं. दोन वर्षांपूर्वी तिच्याशी खोटं बोलला होता तू, आणि ते तुझ्याच सहीनं उघडं पडलं असतं. निवेदनाचं सोंग त्यासाठी होतं. बर्फात उभा राहिलेला माणूस स्वतःच्या पोरीला भ्याला. आणि भ्याला तर भ्याला, लपायला जागा कोणती शोधली? माझी! गावात दुसरं कोणी नव्हतं का? तुला माहीत होतं ना रे, मी तीस वर्षं कशाला भिऊन जगली ते. एकट्या तुला माहीत होतं. आणि तू माझ्याच पोरीसारख्या पोरीला सांगितलं की वनमाला चुकली. वरून दयाही दाखवली, तिला बोलू नको म्हणून. काऊन केलं असं? सांग ना. एकदा येऊन सांग आणि मग जा.

आणि मी तुला काय म्हटलं होतं? पोर बाटेल म्हणून. तुझ्या मनात भलतंच होतं आणि मी तुझ्यावर ते थुंकली. तू ते घेऊन गेला. आता ते पुसायला मी कोणाच्या दारात जाऊ? मला तुझा गळा धरायचा आहे आणि तुझ्या पाया पडायचं आहे आणि दोन्हीसाठी तू नाहीस, नाही आहेस तू कुठंच, मैदानावर नाही, खिडकीत नाही.

रोशनी माझ्याकडं पाहत होती. बाप जाऊन चौदा दिवस झालेली पोरगी. मी खरं सांगितलं असतं तर तिनं बापाला दुसऱ्यांदा जाळलं असतं. शिवाय खरं सांगून उपयोग काय? ज्यानं आग्रह केला तो शपथपत्र द्यायला उरला नाही. मात्र लिपिकाची लेखी चूक असेल, समोर जुना दाखला असताना हातून भलतं लिहिलं गेलं असेल, तर शाळा नोंद दुरुस्त करू शकते. तसा नियम आहे. सगळ्या नियमांत एवढा एकच उघडा राहिला होता. तुझं खोटंच तेवढं कामाचं निघालं.

मी म्हटलं, "हो बाई. माझी चूक झाली."

मग मी कागद घेतला आणि लिहिलं. कु. रोशनी हिचे नाव दाखल करतेवेळी वडिलांच्या दाखल्यावर जात स्पष्ट नमूद असताना, माझ्या निष्काळजीपणामुळे नोंद चुकीची झाली. यात पालकांचा कोणताही दोष नाही. हे शेवटचं वाक्य नियमात लागत नाही. ते मी माझ्या मनानं घातलं, तुझ्यासाठी. खाली सही केली. मुख्याध्यापकांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "वनमालाबाई, तुमच्या हातून?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, सर्व्हिस बुकात घ्यावं लागेल. घ्या म्हटलं. लाल शाईनं तुझा शब्द खोडला, वर बरोबर लिहिलं, बाजूला आद्याक्षरं. माझ्या रजिस्टरवरची पहिली खाडाखोड.

बाहेर आली तर स्टाफरूमचं दार उघडंच होतं. कोण बोललं ते मी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. आवाज हळू करायचीही त्यांना गरज वाटली नाही. "तीस वर्षांनी निघालं बघा. तरीच."

तोंड फोडणार होता ना तू त्याचं?

आज आम्ही दोघी समितीच्या कार्यालयात गेलो. ऑटोत ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती, आणि तिचा अंगठा तुझ्यासारखाच सारखा नखाशी चाळा करत होता. कागद घेतला त्यांनी. पोच दिली. निकाल कधी ते सांगितलं नाही, पण मुदतीच्या आत पडला हे खरं. परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती माझ्यासोबत उतरली. वाकून माझ्या पायांना हात लावला. मग उभी राहिली आणि मोठ्या माणसासारखं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली,

"आत्या, झालं ते झालं. आता मनाले लावून नका घेऊ. मी तुम्हाले माफ केलं. बाबानंही केलं होतं."

मी म्हटलं, "हो बाई. मोठं मन होतं त्याचं."